जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज एसएसडीवर नेताना: तपासणीपासून पहिल्या बूटपर्यंत

हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेला, चिपवर साठवणारा ड्राइव्ह) बसवली की आठ-दहा वर्षांचा संगणकही पुन्हा कामाला लागतो, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अडतं ते आतल्या विंडोजपाशी. टॅली, प्रिंटरची सेटिंग, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, मराठी डीटीपीचे जुने फाँट, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर हवं असतं. क्लोनिंगचं, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवणारं, सॉफ्टवेअर ते काम बऱ्यापैकी स्वतःच करतं. काम फसतं ते आधी न पाहिलेल्या तीन गोष्टींमुळे: जुन्या डिस्कची तब्येत, संगणक बूट (चालू) होण्याची पद्धत आणि डी-ई ड्राइव्हमधल्या डेटाची सोय. म्हणून खाली प्रत्यक्ष क्लोनपेक्षा आधीच्या तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

दिवस, वीज आणि बॅकअप

दुकानाचा किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसातला संगणक असेल तर महिन्याच्या २० तारखेआधी त्याला हात लावू नका. ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा असतो. त्या गडबडीत मशीन अडकलं तर एसएसडीचा वेग कुणाला गोड लागणार नाही. त्यानंतरचा शनिवार-रविवार बरा, पण महावितरणच्या देखभालीच्या बंदची सूचना आहे का तेवढं पाहून घ्या.

क्लोन चालू असताना वीज गेली तर जुन्या डिस्कला सहसा काही होत नाही, कारण तिच्यावरून फक्त वाचन चालू असतं. नवी मात्र अर्धवट राहते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं किंवा बाजूचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर 'इको' आणि 'यूपीएस' असे दोन पर्याय असतात. इकोवर वीज गेल्यावर बॅटरी चालू होईपर्यंतची खंड एवढा मोठा असतो की पंखा फिरत राहतो पण संगणक रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसवर करून ठेवा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि चार्जरही लावून ठेवा. बॅटरी मेलेली असेल तर लॅपटॉपलाही डेस्कटॉपचाच नियम.

बॅकअप म्हणजे क्लोन नव्हे. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो आणि आउटलुकच्या मेलची फाइल एवढं तरी वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर आधी उतरवा. टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका, टॅलीमध्येच कंपनी निवडताना दिसणारा पाथ लिहून घ्या. टॅलीचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. क्लोनआधी ते सरेंडर केलं आणि नव्या ड्राइव्हवर पुन्हा ॲक्टिव्हेट केलं, तर सोमवारी सकाळी 'एज्युकेशनल मोड' बघायची वेळ येत नाही.

जुन्या डिस्कची तब्येत

ही पायरी टाळणारे सर्वाधिक अडकतात. संगणक मंद झाला म्हणून एसएसडी घेतली जाते, पण कित्येकदा तो मंद झालेला असतो कारण हार्ड डिस्क मरायला टेकलेली असते. अशा डिस्कवर क्लोन चालवला की ती खराब सेक्टरवर (साठवणीच्या छोट्या कप्प्यावर) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, क्लोन ३७ टक्क्यांवर अडकतो, आणि उरलेला जीवही त्यात जातो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून उघडा. आकडे हेक्समध्ये दिसतात, म्हणून आधी फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या मेनूत जाऊन ते दशमान करा. मग चार ओळी पाहा:

- ०५, रीअलोकेटेड सेक्टर: खराब झालेले आणि राखीव जागेतून बदलून दिलेले सेक्टर. थोडे असून महिनोन्महिने तेवढेच राहिले तर चालवून घेता येतं. आकडा वाढत असेल तर घाई करा.
- सी५, करंट पेंडिंग: वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले सेक्टर. शून्यापेक्षा जास्त काहीही दिसलं तर सरळ क्लोन करू नका.
- सी६, अनकरेक्टेबल: यालाही सी५ चाच नियम.
- सी७, सीआरसी एरर: हा दोष सहसा डिस्कचा नसून केबलचा असतो. साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलली की आकडा वाढायचा थांबतो. तो मागे मात्र येत नाही, म्हणून घाबरू नका.

सी५ किंवा सी६ शून्य नसेल तर क्रम उलटा होतो. आधी महत्त्वाच्या फाइली एकेक करून बाहेर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवून 'दुरुस्ती' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डेटा बाहेर काढण्याआधी तो मानू नका, कारण संपूर्ण तपासणी म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर काही तासांचा अखंड ताण. सगळे आकडे शून्य असतील तर मात्र सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्स, चेक या वाटेने फाइल सिस्टीम एकदा तपासून घ्या. फाइल सिस्टीममध्ये चुका असल्या की अनेक क्लोनिंग टूल सुरुवातीलाच नकार देतात.

लेगसी की यूईएफआय

स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडा. 'बायोस मोड' या ओळीत लेगसी (बूट होण्याची जुनी पद्धत) किंवा यूईएफआय (नवी) असं लिहिलेलं असतं. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्क ० वर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत, एमबीआर (जुनी) आहे की जीपीटी (नवी) ते दिसतं. ही दोन उत्तरं कागदावर लिहून ठेवा, पुढचं बरंच काही त्यांवर ठरतं.

यूईएफआय आणि जीपीटी असेल तर बहुधा कोणतीही एसएसडी चालेल. लेगसी आणि एमबीआर असेल तर साटा एसएसडी काहीही न बदलता चालते. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान, नव्या प्रकारची एसएसडी) मात्र लेगसी पद्धतीने बूट होत नाही, अपवाद अगदी थोडे. शिवाय साधारण २०१४ च्या आधीचे मदरबोर्ड एनव्हीएमईवरून बूट करायला शिकलेलेच नाहीत. कार्डावर बसवलेली एनव्हीएमई विंडोजमध्ये दिसते, पण बूटच्या यादीत येत नाही. असा बोर्ड असेल तर मुकाट्याने अडीच इंची साटा एसएसडी घ्या.

एमबीआरवरून जीपीटीवर जायला विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं टूल आतच मिळतं (नाव इंग्रजीत टाइप करताना मधला 'टू' म्हणजे आकडा २). त्याच्या दोन अटी आहेत: प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल (एका मोठ्या भागाच्या आत पाडलेलं) पार्टिशन एकही नको. आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकात दुकानदाराने डी आणि ई ड्राइव्ह बहुधा लॉजिकल म्हणूनच पाडून दिलेले असतात, त्यामुळे टूल तपासणीतच 'फेल' म्हणतं. उपाय सोपा आहे. आधी फक्त 'सिस्टम रिझर्व्हड' (बूटच्या फाइलींचं छोटं पार्टिशन) आणि सी एसएसडीवर घ्या, आणि रूपांतर एसएसडीवर करा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट-एफ१० दाबा, उघडलेल्या काळ्या खिडकीत आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट चालवा. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय करा. जुनी डिस्क त्या वेळी काढून ठेवलेली असली की चुकीच्या डिस्कवर कमांड चालण्याची भीतीच उरत नाही.

कोणती एसएसडी

वेगाचे आकडे पाहून दिपून जाऊ नका. हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० ते १५० एमबी देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० आणि चौथ्या पिढीची ७,००० पर्यंत. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलतं. तिथे हार्ड डिस्कचं डोकं दर वेळी हलायला दहा-बारा मिलिसेकंद घेतं, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही. रोजच्या कामात जाणवणारी उडी म्हणजे हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचं बिलिंग करणाऱ्याला कळणारही नाही, व्हिडिओ एडिट करणाऱ्याला कळेल. जुन्या बोर्डवर साटा दुसऱ्या पिढीचं असलं, वेग २८० वर अडला, तरी फरक डोळ्यांत भरतो.

एम.२ ही फक्त खाचेची आणि आकाराची ओळख आहे. त्याच खाचेत साटाही बसते आणि एनव्हीएमईही, पण प्रत्येक खाच दोन्ही चालवेलच असं नाही. लॅपटॉपच्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. लांबीही तिथेच कळते. २२८० म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८०. काही लॅपटॉपमध्ये फक्त २२४२ किंवा २२३० मावते. डेस्कटॉपच्या काही बोर्डवर एम.२ खाच वापरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. एसएसडी लावली आणि डी ड्राइव्ह 'गायब' झाला, तर आधी साटा केबल दुसऱ्या पोर्टवर लावून बघा.

आकार ठरवताना हे लक्षात असू द्या की ५०० जीबीची एसएसडी विंडोजला ४६५ दिसते, ४८० ची ४४७ आणि २५६ ची २३८. त्यातली दहा-पंधरा टक्के जागा रिकामी राहायला हवी. एसएसडी गच्च भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) चिपच्या स्वस्त ड्राइव्हवर तर मोठी फाइल टाकताना वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. ऑफिसच्या मशीनला टीएलसी (तीन बिटवाली) घ्या, फरक थोड्या पैशांचा असतो.

नाशिकच्या एम. जी. रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल हवंच, कारण तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी त्याच्या जोरावर मिळते. घरी आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही. अनोळखी नावाची आणि फारच स्वस्त असेल तर क्लोनआधी एच२टेस्टडब्ल्यू पूर्ण चालवा. आतमध्ये ६४ जीबीची चिप आणि बाहेर १ टीबीचं लेबल, हा प्रकार त्यात उघडा पडतो.

आवराआवर

क्लोनआधीच्या या कामांचा क्रम बदलू नका.

१. विंडोज अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. अर्धवट अपडेटसकट घेतलेला क्लोन पहिल्याच बूटला तासभर फिरत बसतो.

२. एन्क्रिप्शन पाहा. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर' चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मगच एन्क्रिप्शन बंद करा. डिक्रिप्शनला हार्ड डिस्कवर काही तास लागू शकतात. ते शंभर टक्के होईपर्यंत थांबायचं. अनेकांच्या लॅपटॉपवर हे न विचारता चालू झालेलं असतं, आणि त्याचा पत्ता थेट निळ्या पडद्यावर की मागितल्यावर लागतो.

३. फास्ट स्टार्टअप बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांचं काम. हे चालू असताना 'शट डाउन' केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं. पेनड्राइव्हवरून चालणारी टूल अशी फाइल सिस्टीम वाचायला नकार देतात.

४. डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजच्या फाइली, टेंप आणि अपडेटचा कचरा काढा. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपने साठवलेले व्हिडिओ आणि डाउनलोड्स फोल्डर यांतच बऱ्याचदा पन्नास-साठ जीबी सापडतात.

५. सीमध्ये भरलेली जागा आणि एसएसडीची जागा ताडून पाहा. एक टीबीच्या डिस्कवर सी १५० जीबीचा आणि डी-ई मिळून ७८० जीबीचे असतील, तर ५०० ची एसएसडी फक्त सीसाठी घ्यायची आणि डी-ई जुन्या डिस्कवरच ठेवायचे. डेस्कटॉपला हा सर्वांत शहाणा मार्ग. लॅपटॉपमध्ये एकच बे (डिस्क बसवायची जागा) असेल तर डी-ईचा डेटा बाहेरच्या डिस्कवर न्यावा लागेल. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवून जुनी डिस्क त्यात ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते. आधी डीव्हीडी ड्राइव्ह बाहेर काढून मोजा, मग विकत घ्या.

क्लोन

सॅमसंग, क्रूशियल, डब्ल्यूडी, किंगस्टन या कंपन्या आपापल्या ड्राइव्हसाठी क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मोफत देतात. त्यांतली बरीच ॲक्रोनिस या क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरवर बेतलेली आहेत. त्या कंपनीची ड्राइव्ह जोडलेली असली तरच ती चालतात. मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर येताना पार्टिशन आकसून घेण्याचं काम ती स्वतः करतात, म्हणून बहुतेकांनी तीच वापरावीत. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून ती शोधत बसू नका. क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला पूर्ण मोफत आहेत आणि पेनड्राइव्हवरून चालतात, पण त्यांना नवी ड्राइव्ह जुनीइतकी किंवा मोठी लागते. लहान असेल तर आधी पार्टिशन आकसावी लागतात.

एसएसडी जोडायची कशी? अडीच इंचीला यूएसबी-साटा केबल, एम.२ ला यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह आत घालून यूएसबीला जोडायची डबी), डेस्कटॉपला सरळ दुसरा साटा पोर्ट. एन्क्लोजर घेताना ते एनव्हीएमईचं आहे की साटाचं ते विचारा. दोन्ही चालवणारी रिअलटेक आरटीएल९२१०बी चिपची एन्क्लोजर मिळतात. निळा, म्हणजे यूएसबी ३ चा पोर्ट वापरा. २०० जीबी डेटा १०० एमबीच्या वेगाने पस्तीस मिनिटांत उतरतो, यूएसबी २ वर त्यालाच दीड तास लागतो. लॅपटॉपच्या जुन्या ५४०० आरपीएम डिस्कवरून बारीक फाइली जास्त असतील तर दोन तास धरून चाला.

एम.२ ची खाच रिकामी असेल तर एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये न घालता आधीच तिच्या जागी बसवा, आणि जुन्या विंडोजमधूनच क्लोन करा. यामागे कारण आहे. यूएसबीवरून जोडलेली ड्राइव्ह विंडोजला यूएसबी डिस्क म्हणून दिसते, एनव्हीएमईचा ड्रायव्हर चालूच होत नाही, आणि क्लोन बूट होताना 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. खाचेत बसवलेली असली की ड्रायव्हर आधीच जागा झालेला असतो.

प्रत्यक्ष कृती: सॉफ्टवेअर उघडा, सोर्स म्हणून जुनी डिस्क आणि टार्गेट म्हणून नवी निवडा. इथे थांबा. दोन्हींचं मॉडेल नाव आणि आकार मोठ्याने वाचा. टार्गेटवरचं सगळं पुसलं जातं, आणि दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर उलटी निवड होऊन जाणं अगदी सोपं आहे. पुढच्या पडद्यावर ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअल निवडून पार्टिशनची चित्रं बघा. ईएफआय (बूटचं छोटं पार्टिशन, लेगसीत 'सिस्टम रिझर्व्हड'), सी आणि रिकव्हरी एवढी हवीत, डी-ई वगळा. प्रमाणात वाढवण्याचा पर्याय दिला असेल तर ईएफआयचे १०० एमबी उगाच ५०० होतात. ते तसेच ठेवून सगळी वाढ सीला द्या. रिकव्हरी पार्टिशन सीच्या लगेच मागे असेल तर नंतर सी वाढवता येत नाही, 'एक्स्टेंड' हा पर्याय करडा दिसतो. म्हणून हे आत्ताच करा.

सुरू झालं की संगणकावर दुसरं काही करू नका. स्लीपचा वेळ 'नेव्हर' करा. टूलने रीस्टार्ट मागितला तर द्या, काही टूल आपल्या छोट्या वातावरणात जाऊन क्लोन करतात.

बसवणं

संगणक बंद, प्लग काढलेला, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरलेलं. लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. नाशिकच्या कोरड्या थंडीत लोकरी स्वेटर घालून बसू नका, आणि हात लावण्याआधी एखादी अर्थिंग असलेली धातूची वस्तू स्पर्शून घ्या. फिलिप्स ० आणि ०० असे दोन स्क्रू ड्रायव्हर लागतात. काही लॅपटॉपचे स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. ते न काढता झाकण ओढलं तर क्लिपा तुटतात. स्क्रूची लांबी सारखी नसते. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर टचपॅडला खालून उचकतो.

एम.२ साधारण तीस अंशांच्या कोनात आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की दाबून स्क्रू लावायचा. बोर्डवर हीटसिंक असेल तर थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म काढा. ती तशीच राहिली की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोचल्यावर ड्राइव्ह तापते आणि वेग स्वतःच कमी करते. अडीच इंची ड्राइव्ह ७ मिलिमीटरची आणि बे ९.५ चा असेल तर सोबतचा स्पेसर लावा. उघडलंच आहे तर पंखा साफ करून घ्या. लासलगाव-पिंपळगावकडच्या खळ्यावरच्या संगणकात कांद्याचा पापुद्रा निघाला तर नवल नाही.

पहिलं बूट आणि येणाऱ्या अडचणी

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क जोडलेली नको. क्लोनमुळे दोन्ही डिस्कची ओळखखूण एकच झालेली असू शकते. दोन्ही एकदम दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा तिची खूण बदलतं, आणि खूण बदललेली एमबीआर डिस्क बूट होत नाही. एसएसडीवरून दोन-तीनदा नीट चालू-बंद झाल्यावरच जुनी परत जोडा.

बूट मेनूसाठी डेल, लेनोव्हो, एसरला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप किंवा एफ८. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि पुढे नव्या एसएसडीचं नाव दिसायला हवं.

'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर बायोसमध्ये साटा मोड जुना होता तोच आहे का पाहा. एएचसीआय, रेड किंवा इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं व्हीएमडी, यांपैकी काही बदललं असेल तर पूर्ववत करा. तरीही अडलं तर तीनदा बूट अर्धवट तोडल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ दाबून सेफ मोड. एकदा सेफ मोडमध्ये गेलं की विंडोज ड्रायव्हर शोधून घेतं आणि पुढचं बूट सरळ होतं. सेफ मोडमध्ये पिन चालत नसेल तर पासवर्ड लागतो, तो आधीच आठवून ठेवा.

०एक्ससी००००००ई हा एरर म्हणजे बूटची नोंद जुन्या डिस्ककडे बोट दाखवते आहे. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट-एफ१०, डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम'. शंभर एमबीच्या आसपासचं फॅट३२ व्हॉल्यूम निवडून त्याला 'एस' अक्षर द्या, डिस्कपार्टमधून बाहेर या. मग बूटची नोंद नव्याने लिहिणारी बीसीडीबूट कमांड चालवा: सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरचा पाथ, पुढे तिरकी रेघ-एस आणि 'एस:', पुढे तिरकी रेघ-एफ आणि यूईएफआय. इथे विंडोजचा ड्राइव्ह सीऐवजी डी दिसू शकतो, म्हणून यादीतलं अक्षर बघूनच पाथ लिहा.

चालू झाल्यावर

जुनी डिस्क परत जोडली की डीचा ई आणि ईचा एफ झालेला असतो. टॅली 'कंपनी सापडत नाही' म्हणते, कोरलमधल्या लिंक तुटतात. डेटा कुठे गेलेला नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उजवं क्लिक करून अक्षरं पूर्वीसारखी केली की सगळं जागेवर येतं. आधी जुन्या सीला लांबचं अक्षर द्या, मग डी, मग ई.

'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ' उघडून सीपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं आहे का पाहा. तसं असेल तर विंडोज ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) चालवतं, डिफ्रॅग नाही. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स इथे पार्टिशनचा स्टार्टिंग ऑफसेट दिसतो. त्याला ४०९६ ने पूर्ण भाग जायला हवा. १०,४८,५७६ असेल तर उत्तम. एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर ३२,२५६ निघतो, भाग जात नाही, आणि प्रत्येक लेखन दोन पानांवर पसरून ड्राइव्ह हळू आणि लवकर झिजते. पेजफाइल बंद करणं, इंडेक्सिंग थांबवणं असे 'एसएसडी वाचवा' उपाय मात्र करू नका. आजच्या ड्राइव्हना त्यांची गरज नाही.

वेग मोजायचाच असेल तर क्रिस्टलडिस्कमार्कची सर्वांत खालची ओळ वाचा, ४के आणि क्यू१ वाली. हार्ड डिस्कवर तिथे जेमतेम एखादा एमबी असतो, साटा एसएसडीवर पंचवीस ते चाळीस.

नव्याने विंडोज टाकायचं असेल तर

डिस्क आजारी असेल, व्हायरसचा संशय असेल किंवा विंडोज ११ वर जायचं असेल तर क्लोन नको. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते.

८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्याने ड्राइव्ह बदलल्यावर विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट होतं, की कुठे शोधावी लागत नाही. इन्स्टॉल करताना एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा. दोन डिस्क जोडलेल्या असल्या तर इन्स्टॉलर बूटचं पार्टिशन गुपचूप जुन्या डिस्कवर टाकू शकतो, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क गेली की धडधाकट एसएसडी असूनही संगणक चालू होत नाही. नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसली नाही तर इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर' करा. डीटीपीवाल्यांनी जुन्या विंडोजमधला फाँट्स फोल्डर आणि डाँगलच्या ड्रायव्हरचा सेटअप आधी काढून ठेवावा. जुन्या मराठी फाँटमधल्या फाइली त्या फाँटशिवाय उघडल्या की नुसत्या इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो.

जुनी डिस्क महिनाभर जशीच्या तशी राहू द्या, एक जीएसटी रिटर्न त्या मशीनवरून निर्धोक भरून होईपर्यंत. नंतर डेस्कटॉपमध्ये ठेवायची असेल तर जुन्या सीचं पार्टिशन पुसून ती जागा डेटाला घ्या. विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर साधं क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फाइली परत काढता येतात. फॉरमॅटच्या खिडकीतली 'क्विक' समोरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. एक टीबीला त्याला दोन-तीन तास लागतात, तेवढा वेळ संगणक चालू ठेवायची तयारी असू द्या.